विश्वासाची उलटतपासणी

यंदा पुनरुत्थानाचा रविवार ५ एप्रिलला आला आहे. पंडिता रमाबाईंचे निधनही ५ एप्रिलचेच, साल १९२२. ईस्टरची तारीख चंद्राच्या हिशेबाने दर वर्षी मागेपुढे सरकते, त्यामुळे हा योग क्वचित जुळतो. एरवी आम्ही संपादक मंडळी रमाबाईंच्या जयंती-पुण्यतिथीला तेच चार परिच्छेद थोडे इकडेतिकडे करून छापतो: गंगामूळचे अरण्य, कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली पदवी, शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन. या वर्षी दोन्ही दिवस एकत्र आल्यामुळे एरवी शिताफीने चुकवलेला प्रश्न समोर येऊन बसला आहे. रमाबाई ख्रिस्ती का झाल्या?

महाराष्ट्र हा प्रश्न १८८३ पासून विचारतो आहे आणि बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच देऊन मोकळा होतो. परदेशात एकटी पडलेली तरुण विधवा, पदरात लहान मूल, राहायला जागा ख्रिस्ती जोगिणींच्या मठात. भुलली असेल, असे एक उत्तर. शास्त्रांवर आणि शास्त्र्यांवर चिडलेली होती, त्यांना धडा शिकवायला गेली, असे दुसरे. पहिल्या उत्तरात बाईंना बुद्धी नाही आणि दुसऱ्यात बुद्धी असली तरी ती फक्त रागाच्या कामाला जुंपलेली आहे. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, हे त्या काळात मोठेच धाडस होते. पण तिथेही भर आहे तो त्यांनी जे सोडले त्यातल्या पक्षपातावर. आमिष, जबरदस्ती, संताप एवढ्या तीन खणांच्या कपाटात आपण सगळी धर्मांतरे कोंबतो. एखाद्या माणसाने वाचले, पारखले, वर्षानुवर्षे वाद घातला आणि शेवटी त्याला पटले, या शक्यतेला आपल्याकडे खणच नाही.

याचे आश्चर्य अशासाठी वाटते की, आपण का पालटलो हे सांगणारे लेखन मराठी माणसांनी भरपूर करून ठेवले आहे. बेळगावचे बाबा पदमनजी मुंबईला शिकायला आले, गुप्तपणे जमणाऱ्या परमहंस सभेचे सभासद झाले, हाताला लागेल ते वाचत राहिले आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ त्यांनी तीनच वर्षांनी लिहिले. ते सर्वांना ठाऊक असते, निदान परीक्षेपुरते. त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ १८८८ चे. त्यात मनाच्या चढउतारांचा जो तपशील आहे तो मात्र फार थोड्यांनी वाचलेला असतो.

नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांची गोष्ट तर नाटकात शोभावी अशी. काशीत वाढलेले चित्पावन पंडित. पादऱ्यांना वादात गप्प करावे म्हणून ते ख्रिस्ती ग्रंथ वाचू लागले. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून हिंदू मतांवर टीका केली होती. तिला विशीतल्या नीलकंठशास्त्र्यांनी संस्कृतातच उत्तर दिले. पुढे थोड्याच वर्षांत, १८४८ साली, त्यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या तर्कशक्तीने ख्रिस्ती मतावर हल्ला चढवला होता तीच शक्ती ‘षड्दर्शनदर्पण’मध्ये सहा दर्शनांची तपासणी करायला वापरली. मला त्यांचे सगळ्यात मोठे वाटते ते याच्या पुढचे. शंकांनी त्यांना शेवटपर्यंत सोडले नाही. पापी माणसाला अनंतकाळ शिक्षा देणारा देव न्यायी कसा, हा काटा त्यांच्या मनात कायम राहिला. विश्वास आणि शंका एकाच घरात नांदू शकतात, याचे इतके प्रामाणिक उदाहरण मराठी माणसांत दुसरे सापडणे कठीण. आणि हेच फादर गोऱ्हे पुढे रमाबाईंशी पत्रव्यवहार करू लागले.

आता रमाबाईंकडे येऊ. त्यांची कारणे एका दिवसाची नाहीत, एका जातीचीही नाहीत.

अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत होते. मद्रास इलाख्यातल्या १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेली. जवळ होते ते व्रतांत, दानांत, देवाच्या कौलाची वाट पाहण्यात संपले होते. राहिले भाऊ-बहीण. पायी हिंडत ती १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली, आणि वीस वर्षांच्या मुलीला तिथल्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ केले. तिथेच त्यांना कुणी संस्कृतातले बायबल दिले. ते त्यांना धड कळले नाही, असे त्यांनी नंतर लिहिले आहे. कळले नाही म्हणून भाळण्याचा प्रश्नच आला नाही. कलकत्त्यात स्त्रियांना स्त्रीधर्म सांगायचा म्हणून धर्मशास्त्रे उघडली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. बाकी सगळ्या बाबतींत एकमेकांशी भांडणारे ग्रंथ दोन मुद्द्यांवर मात्र एकदिल होते: स्त्री नीच आहे आणि शूद्र नीच आहे.

भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले. मेधावी शूद्र गणल्या गेलेल्या जातीचे, म्हणून नोंदणी पद्धतीने. सिल्चरच्या घरात, पुस्तकांच्या गठ्ठ्यात, त्यांना एक बारीकशी पुस्तिका दिसली. ती तिथे कशी आली हे त्यांना कधीच उलगडले नाही. ते बंगालीतले लूकचे शुभवर्तमान होते. एका मिशनऱ्याने घरी येऊन उत्पत्तीचे अध्याय समजावून सांगितले. ख्रिस्ती व्हावे, असे त्या बोलून गेल्या. नवऱ्याला ते रुचले नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला, आणि दहा महिन्यांच्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी आयोगाला सांगितले. वैद्यकी शिकायला म्हणून १८८३ साली इंग्लंडला निघाल्या, तेव्हा धर्म बदलणार नाही असे त्यांनी सांगितले होते, आणि ते खरेच वाटत असावे.

वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेले. समाजाने टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत होत्या, आणि जोगिणी त्यांच्याशी माणसांशी वागावे तशा वागत होत्या. असल्या बाईला जवळ घेणारे धर्मकार्य रमाबाईंनी आपल्या भटकंतीत कुठे पाहिले नव्हते. हे का करता, असे त्यांनी विचारले तेव्हा एका जोगिणीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढून दिला: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, पाच नवरे झालेली, परजातीची, आणि तिच्याजवळ पाणी मागणारा येशू. गोऱ्ह्यांची पत्रे बुद्धीला उत्तरे देत होती. फुलहॅमने डोळ्यांना उत्तर दिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथे बहुतेक चरित्रे पान उलटतात. खरी उलटतपासणी यानंतर सुरू होते. पुढची दोन-अडीच वर्षे रमाबाई वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून भांडत होत्या. त्रैक्य कशावरून? कुमारीजन्म कशावरून? बिशप सांगतो म्हणून का मानायचे? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नका, असे बिशप म्हणाले तेव्हा त्या उसळल्या. मांसाहार करीनात, तर जोगिणींना त्यात जातीचा ताठा दिसला. भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले ते दुसऱ्या पुरोहितांचे चढवून घ्यायला नव्हे, अशा आशयाचे त्यांचे पत्र आहे. भुललेली बाई अशी पत्रे लिहीत नाही. ही सगळी पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केली. संपादक होते अ. भि. शहा, इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक, पक्के बुद्धिवादी. रमाबाईंच्या श्रद्धेची सर्वांत काळजीपूर्वक जपणूक अशा माणसाच्या हातून व्हावी, हा चर्चला चिमटा आहे आणि शहांना मानपत्र.

बरे, पत्रव्यवहार संपला म्हणून शोध संपला असेही नाही. बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी, विधवांसाठी शारदा सदन सुरू करून झाल्यावर, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांना जाणवले. १९०७ च्या साक्षीत त्यांनी ते स्वच्छ लिहिले आहे. कारणे आधीही होती, पुढेही येत राहिली.

व्यक्तिगत कारणांचे असे असते, कबूल. फुलहॅम पाहून ज्याचे मन हलले नाही त्याला रमाबाईंचा अनुभव उसना देता येत नाही. पण ख्रिस्ती विश्वासाची एक खोड आहे, आणि ती या अनुभवापाशी थांबू देत नाही. हा विश्वास एका तारखेवर पैज लावून बसला आहे. दर रविवारी मंडळीत जो विश्वासांगीकार म्हणतात, त्यात देव, येशू आणि त्याची आई यांच्या जोडीला आणखी एकाच माणसाचे नाव येते: पंतय पिलात. साधू नाही, शिष्य नाही, एक रोमी अधिकारी. इसवी सन २६ ते ३६ या काळात तो यहुदियाचा कारभार पाहत होता. १९६१ साली कैसरिया इथे उत्खननात त्याच्या नावाचा आणि हुद्द्याचा कोरीव दगड सापडला. ज्या प्रार्थनेत सरकारी अधिकाऱ्याच्या कारकिर्दीचा दाखला आहे, ती प्रार्थना म्हणणाऱ्याला इतिहासाच्या कचेरीत हजर राहावेच लागते.

त्या कचेरीत काय सापडते? येशूला पिलाताच्या हुकमाने मृत्युदंड मिळाला, एवढे आज बहुतेक सर्व इतिहासकार धरून चालतात, मग ते देव मानोत की न मानोत. रोमी इतिहासकार टॅसिटस इसवी सन ११६ च्या सुमारास ते सांगतो, आणि सांगताना ख्रिस्ती लोकांना शिव्याच देतो, त्यामुळे त्याच्यावर पक्षपाताचा आरोप करता येत नाही. यहुदी इतिहासकार जोसेफस येशूचा भाऊ याकोब याला दगडमार करून मारल्याची नोंद करतो. जोसेफसच्याच ग्रंथात येशूवर एक मोठा उतारा आहे आणि तो पुष्कळ प्रवचनांत दिमाखाने वाचला जातो. त्यात नंतरच्या ख्रिस्ती नकलकारांनी हात चालवला आहे, हे मात्र सांगितले जात नाही. सांगायला हवे. खोटा दागिना खऱ्यात मिसळला की सोनाराला सगळेच संशयास्पद वाटते.

मृत्यूनंतरचे काय? सर्वांत जुनी लेखी साक्ष पौलाची. करिंथच्या मंडळीला इसवी सन ५४-५५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो एक यादी देतो: येशू केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, बारा जणांना दिसला, पाचशेहून अधिक लोकांना एकदम दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, याकोबाला दिसला, शेवटी मला दिसला. ही यादी मला मिळाली तशी मी तुम्हाला दिली, असे तो म्हणतो. कुठे मिळाली असेल? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, आपले मन पालटल्यावर तीन वर्षांनी आपण यरुशलेमास जाऊन केफाजवळ पंधरा दिवस राहिलो आणि याकोबाला भेटलो. म्हणजे ही यादी घटनेपासून फार तर काही वर्षांच्या अंतरावर जाते. श्रद्धा न बाळगणारे अभ्यासकही या यादीला असेच जुने मानतात. दंतकथा रचायला काही पिढ्या लागतात, हे नेहमीचे उत्तर इथे पुरत नाही. आणि पौल हा मुळात या पंथाच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस. त्याला यातून मिळाले काय, तर फटके आणि तुरुंग.

मला या यादीत सगळ्यात बोलका वाटतो तो तिच्यातला खड्डा. यादीत एकाही स्त्रीचे नाव नाही. उलट चारही शुभवर्तमाने एका गोष्टीवर ठाम आहेत: कबर रिकामी असल्याचे पहिल्यांदा पाहिले ते स्त्रियांनी, आणि चौघांतही मग्दालीया मरीयेचे नाव आहे. बाकी तपशिलांत चौघांचे पटत नाही. स्त्रिया किती होत्या, देवदूत एक की दोन, पुढची भेट गालीलात की यरुशलेमात, यांची तोंडे चार दिशांना आहेत. सगळे रचलेलेच असते तर निदान एवढे जुळवून घेतले असते, हा युक्तिवाद मी पुरेसा मानत नाही. चुकीच्या बातम्याही विसंगत असतात. स्त्रियांचा मुद्दा मात्र वेगळा आहे. त्या काळी यहुदी समाजात बाईच्या साक्षीला वजन नव्हते. स्त्रियांच्या स्वभावातला उथळपणा पाहता त्यांची साक्ष घेऊ नये, असे जोसेफस लिहून गेला आहे. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या विद्वानाने ख्रिस्ती लोकांची नेमकी इथेच टर उडवली: हे कुणी पाहिले, तर एका भ्रमिष्ट बाईने! त्याचे म्हणणे आपल्याला ठाऊक आहे ते ऑरिजेनने त्याला दिलेल्या उत्तरामुळे. म्हणजे लोकांना पटवायचे म्हणून कथा रचायची असती, तर पहिली साक्षीदार म्हणून कुणी मरीयेला उभे केले नसते. पटवण्यासाठी जी यादी होती तिच्यातून स्त्रिया गळालेल्याच दिसतात. कथेतून त्यांना गाळता आले नाही, कारण सकाळी तिथे गेल्या होत्या त्याच.

आणि लूकचे शुभवर्तमान, सिल्चरच्या गठ्ठ्यातले, एक गोष्ट उघडपणे नोंदवते: स्त्रियांनी येऊन सांगितले तेव्हा प्रेषितांना ती बडबड वाटली. मंडळीचे संस्थापक म्हणवणाऱ्यांची ही फजिती त्यांच्याच ग्रंथात आहे. रमाबाईंनी हा धागा असा जोडला होता, असे मी म्हणत नाही. पण मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात निर्लोभी पुरुष एकटाही साक्षीला चालतो आणि शुद्ध आचरणाच्या अनेक स्त्रिया चालत नाहीत, हे त्यांना पाठ असणार. हंटर आयोगापुढे उभी राहून साक्ष देणारी ती बाई लूकचा चोविसावा अध्याय वाचताना ओळखीचे हसली असेल, एवढे मनात आणायला मला आवडते.

आता या पुराव्याची ताकद कुठे संपते तेही बघू. आमच्या उपदेशकांना हजारो हस्तलिखितांचा फार अभिमान. मँचेस्टरला ठेवलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा इवलासा पपायरसचा तुकडा बहुतेक तज्ज्ञ दुसऱ्या शतकातला मानतात, हे खरे. पण हस्तलिखिते पुष्कळ असली तर मजकूर नीट पोहोचला एवढेच ठरते; मजकुरातले घडले का, हे ठरत नाही. बारा प्रेषित हुतात्मे झाले, खोट्यासाठी कोण मरतो, हा दुसरा आवडता मुद्दा. पेत्र, पौल आणि दोन याकोब यांच्याविषयी पुरावा बरा आहे; इतरांच्या हौतात्म्याच्या कथा बऱ्याच उशिराच्या आहेत. आणि माणूस मरतो ते त्याला खरे वाटते म्हणून. खरे वाटणे आणि खरे असणे यांत अंतर उरतेच.

म्हणजे इतिहास कुठवर येतो? येशू क्रुसावर मेला. त्याचे पांगलेले अनुयायी थोड्याच काळात तो जिवंत दिसल्याचे सांगू लागले. त्यांना तसे मनापासून वाटत होते. त्यांत एक शत्रूही होता आणि येशूच्या हयातीत त्याला न मानणारा भाऊही होता. इथवर. पुढचे पाऊल, तो उठला हे म्हणण्याचे, इतिहासकार म्हणून कुणी टाकू शकत नाही. भास झाला हे म्हणायलाही तेवढाच जोर लावावा लागतो. मी ते पाऊल टाकले आहे. टाकताना डोळे मिटले नव्हते, इतकेच माझे म्हणणे.

टिळक दांपत्याविषयी इथे थोडेसे. नारायण वामन टिळकांना १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. त्याचे नाव टिळकांना कळलेच नाही. डोंगरावरील प्रवचनाने ते अडकले, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते आयुष्यभर सांगत राहिले. लक्ष्मीबाईंचे कारण मला अधिक जवळचे वाटते. नवऱ्याने केले म्हणून त्यांनी केले नाही. त्या पाच वर्षे अडून बसल्या, रडल्या, भांडल्या. त्यांची गाठ त्रैक्याची नव्हती, सोवळ्याची होती. कुणाच्या हातचे पाणी चालते आणि कुणाच्या हातचे नाही, हे देवाने केले की माणसाने, एवढ्या एका प्रश्नाचा त्यांनी स्वतःशी निकाल लावला आणि बाकीचे मागाहून आले. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या लाखभर मराठी वाचकांनी त्या प्रसंगावर डोळे पुसले असतील, पण धर्मांतराच्या वादात कुणी लक्ष्मीबाईंचा दाखला देत नाही.

आणि नगर जिल्ह्याचे काय? (आता अहिल्यानगर म्हणायचे, अंगवळणी पडायला वेळ लागेल.) मी तिकडचाच, जन्माने ख्रिस्ती. १८३१ पासून तिथे अमेरिकन मराठी मिशन आहे, आणि १८७६-७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे महार आणि मांग वस्त्यांतून शेकडो घरे मंडळीत आली. त्यांना ‘पोटासाठी बाटलेले’ म्हणतात. माझ्या घरानेही ते ऐकले आहे. या लोकांनी ‘अरुणोदय’ लिहिला नाही; बहुतेकांना लिहिता येत नव्हते. त्यांची कारणे मिशनच्या नोंदवहीत नाव आणि तारखेपलीकडे उतरली नाहीत. पण भुकेल्या माणसाला फक्त भूकच असते, हे कुणी ठरवले? दुष्काळात रमाबाईंच्या घरातली तीन माणसे गेली, म्हणून त्यांच्या विचाराला कुणी कमी लेखत नाही. दुष्काळ ओसरल्यावर काही घरे परत गेली; पुष्कळ राहिली, गावकीचे हक्क आणि सोयरीक दोन्ही पणाला लावून राहिली. आपल्या मुलाला शाळेत पुढच्या बाकावर बसवणाऱ्याचा देव खरा असावा, हा निष्कर्ष तर्कशास्त्राच्या पुस्तकात बसणार नाही. फुलहॅममध्ये रमाबाईंनी काढलेला निष्कर्ष याहून वेगळा होता का?

अडचण अशी की, हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी कापतो. जोगिणींचे वागणे जर ख्रिस्ताच्या बाजूचा पुरावा असेल, तर १५६० पासून १८१२ पर्यंत गोव्यात चाललेले इन्क्विझिशन विरुद्ध बाजूचा पुरावा आहे. मंडळीत शेजारी बसून एकच भाकर खाणारे सोयरीक जुळवताना मूळ जात विचारतात, तोही आहे. डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्माचा विचार केला होता. भारतीय ख्रिस्ती समाजाविषयीच्या आपल्या लेखनात त्यांनी बोट ठेवले ते जात सुटत नाही यावर आणि धर्मांतरित माणूस सामाजिक अन्यायाबद्दल गप्प राहतो यावर. १९५६ साली त्यांनी बुद्ध निवडला. कारणे मागणाऱ्या माणसाने आमच्याकडे पाहून दिलेला तो निकाल होता, आणि त्याला आमच्याकडे अजून धड उत्तर नाही. शारदा सदनात मुलींना बाटवतात यावरून १८९३ साली उठलेल्या वादातही सगळी चूक केसरीची होती असे मला वाटत नाही. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे सांगितले होते. रमाबाईंच्या प्रार्थनेचे दार उघडे असले आणि मुली आपखुशीने येऊन बसत असल्या, तरी पालकांना फसवणूक वाटली तर ते समजण्यासारखे होते. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. शत्रू बाहेर पडले असते तर त्याला फारसे महत्त्व नव्हते. हे तर हितचिंतक होते.

रमाबाईंनी यानंतर तटस्थतेचा आव सोडला, केडगावला जमीन घेतली, १८९६-९७ च्या दुष्काळातून शेकडो मुली-बायका आणल्या, विहिरी खणल्या, छापखाना घातला, आणि म्हातारपणी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून अख्खे बायबल मराठीत आणले. ते छापून पूर्ण झाले १९२४ मध्ये, त्यांच्या मागे दोन वर्षांनी. मनोरमा आईच्या आदल्या वर्षीच, १९२१ साली, गेली होती. मला या दिवसांत तिची फार आठवण होते. आईने गोऱ्ह्यांशी वाद घातला, बिशपशी भांडली, फुलहॅम पाहिले. मुलगी वाँटेजला आईबरोबर बाप्तिस्मा घेताना अडीच वर्षांची होती. तिला कारणे कुणी विचारली नाहीत. पुढे तिने मुक्तीच्या कामात आयुष्य घातले, म्हणजे तिची तिला सापडली असणार. आमच्यासारख्या जन्मजात ख्रिस्ती माणसांची स्थिती मनोरमेची आहे, रमाबाईंची नव्हे. आमच्या घरातल्या विशीतल्या मुलांना कॉलेजात, ऑफिसात कुणी विचारले की तुम्ही हे सगळे खरे मानता का, तर त्यांच्याजवळ आजोबांचे नाव असते, चर्चचे नाव असते आणि नाताळचा केक असतो. घरी हाच प्रश्न त्यांनी विचारला, तर आम्ही विश्वास कमी पडतो म्हणून प्रार्थना करायला सांगतो.

येत्या रविवारी, १२ एप्रिलला, बऱ्याच मंडळ्यांत योहानाच्या विसाव्या अध्यायातला थोमाचा पाठ वाचला जाईल. बाकीच्या दहांनी सांगितले तेवढ्यावर त्याने मानले नाही. खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय मानणार नाही, म्हणाला. एवढे बोलूनही पुढचा आठवडा तो त्यांच्यातच होता. त्याला कुणी मंडळीबाहेर काढले नव्हते. पाळकांना माझी विनंती आहे की, त्या दिवशी उपदेश थोडा आटोपता घ्यावा आणि अर्धा तास तरुणांच्या प्रश्नांसाठी ठेवावा. जोसेफसमधली भेसळ, पाचशे साक्षीदारांचे पुढे काय झाले, मंडळीतली जात, जे विचारतील ते. उत्तर येत नसेल तर तसे सांगावे आणि पुढच्या रविवारी वाचून यावे.